सायीइतका दाब

"लिम्फेडीमा," डॉक्टर म्हणाल्या आणि माझ्या उजव्या मनगटावरचा अंगठा त्यांनी उचलला. अंगठ्याखाली एक खळगा पडला होता. त्या, मी आणि माझा नवरा मुरली, तिघंही त्या खळग्याकडे बघत बसलो. तो भरून यायचं नाव घेत नव्हता.

लिम्फेडीमा म्हणजे लसिका तुंबल्यामुळे आलेली सूज. रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सारखं बाहेर झिरपत असतं. ते गोळा करून परत रक्तात नेऊन सोडायचं काम लिम्फच्या, म्हणजे लसिकेच्या, बारीक नळ्या करतात. वाटेत गाठी असतात, तिथे जंतू अडवले जातात. चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या उजव्या काखेतल्या गाठी काढल्या, वर तिथे किरणोपचारही झाले. हातातलं पाणी परत जायचा मुख्य रस्ता तेव्हाच बंद झाला होता. इतके दिवस ते आडवाटेने जात होतं, आता आडवाटही तुंबली.

"हा जिवावर बेतणारा आजार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण जाणाराही नाही. जन्मभर सांभाळायचा." मग त्यांनी संगणकावर माझे जुने रिपोर्ट उघडले आणि एकेक पान खाली सरकवत गेल्या. "ऑपरेशननंतर एवढ्या उशिरा सूज आली की आधी एक शंका फेडून घ्यावी लागते. काखेत नाहीतर गळ्याच्या हाडाच्या वर नवीन काही येऊन वाट अडवत नाही ना, ते बघू."

'नवीन काही' म्हणजे काय हे मी विचारलं नाही. मुरलीनेही विचारलं नाही. हॉटेलात सांबारात काय काय घातलंय याची वेटरकडे चौकशी करणारा माणूस आहे हा. तोही नुसता खळग्याकडे बघत राहिला.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड यांच्या आकृत्या फळ्यावर डोळे मिटून काढू शकते. लसिकेला पुस्तकात जेमतेम एक परिच्छेद होता आणि परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नसे. आता ती स्वतःच मला प्रश्न विचारायला आली होती.

सुरुवात कशी झाली ते सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची तरी अशीच होईल. भाचीच्या लग्नासाठी जयनगरमध्ये, आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे, ब्लाउज शिवायला टाकला होता. घालून बघितला तर उजवी बाही दंडात रुतली. मी तशीच दुकानात गेले आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. नजर कुठे होती, माप कुणाचं लावलं, सगळं झालं. त्याने ब्लाउज फळीवर पसरला आणि टेप आधी एका बाहीला लावली, मग दुसरीला. बाह्या सारख्याच होत्या. मी ब्लाउज घेऊन घरी आले, बाही उसवली आणि लग्नात दिवसभर पदर दंडावरून ओढून घेऊन मिरवले. अंगठी साबण लावून निघाली तेव्हा कुठे डॉक्टरांकडे जायचं सुचलं.

तुमच्या काखेतल्या गाठी काढल्या असतील तर शिंप्याशी भांडण्याआधी दोन्ही हात आरशासमोर धरून बघा. हात जड वाटतो, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठतो आणि तसाच राहतो, या खुणा आहेत. त्या दुखत नाहीत, म्हणून आपण त्यांना मोजत नाही.

शंका फेडण्यासाठी पेट स्कॅन सांगितला होता. त्यात शिरेतून एक जरासं किरणोत्सारी साखरपाणी देतात. ज्या पेशी हावरटासारखी साखर खातात त्या चित्रात चमकतात, आणि कॅन्सरच्या पेशी हावरट असतात. त्यासाठी सकाळपासून उपाशी राहायचं. इंजेक्शनला डावा हात पुढे करायचा, हे मला चार वर्षांत पाठ झालंय. मग एका थंडगार खोलीत पांघरूण घेऊन निमूट पडायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. बाहेरच्या खोलीत उपाशी बसलेल्या आम्हा सगळ्यांसमोर टीव्हीवर कुणीतरी बिसीबेळे भात करून दाखवत होतं. कुणीही तो बंद करा म्हटलं नाही.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता तरी कुठे काही दिसत नाही."

मुरलीने त्यातलं 'कुठे काही दिसत नाही' तेवढं ऐकलं आणि घरी जाताना म्हैसूरपाक घेतला. मी 'आत्ता तरी' ऐकलं होतं. म्हैसूरपाक मात्र दोघांनी खाल्ला.

आता सूज उतरवायची होती. त्यासाठी चार गोष्टी सांगितल्या होत्या: विशिष्ट मसाज, श्वास, हाताचे व्यायाम आणि पट्ट्यांचं बांधणं. हे शिकवणारी फिजिओथेरपिस्ट व्हाइटफील्डला होती आणि तिच्याकडची वेळ दिवाळीनंतरची मिळाली. तोवर हात उशीवर उंच ठेवा, जपा, असं सांगून डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवलं.

घरी अक्का होत्या. अक्का म्हणजे मुरलीची मोठी बहीण. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, आणि सगळ्या गोतावळ्यावर हुकूमत असलेल्या. मुरलीचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इथे कर्नाटकात येऊन रुजलेलं. यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की सांगलीहून लग्न होऊन आले तेव्हा मला निम्मं कळत नसे. आणि या घराण्यातली एकूण एक बाळं नि बाळंतिणी अक्कांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांच्या मालिशची ख्याती होती. रडकं मूल त्यांच्या पायांवर निजून जायचं, आणि बाळंतीण रडायची.

मसाज हा शब्द ऐकल्यावर अक्कांचा चेहरा उजळला. ऑपरेशन, किमो, किरण, यांपैकी कशातच त्यांना काही करता आलं नव्हतं. आता काहीतरी त्यांच्या हातातलं निघालं.

"त्याला व्हाइटफील्डला कशाला जायचं ग?" त्या म्हणाल्या. "मी नाही का इथं? हब्बाच्या दिवशी सुरुवात करून सोडते बघ."

हब्ब म्हणजे सण; त्यांना दिवाळी म्हणायचं होतं. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तांब्याचा हंडा घासून, त्याला हळदकुंकू लावून पाण्याने भरतात. पहाटे ते पाणी तापवतात, आणि घरातली सर्वांत मोठी बाई सगळ्यांना तेल लावते. पाट, भोवती रांगोळी, वाटीत सोसेल इतकं गरम तेल. आधी मुरली झाला. मग अक्कांनी माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि अंगठे रुतवून मनगटापासून खांद्यापर्यंत पाणी वर चढवायला लागल्या. "चढतंय, बघ चढतंय," असं म्हणत होत्या. आणि खरोखरच हात बारीक दिसायला लागला. मग घरी कुटलेलं उटणं, संत्र्याच्या सालीचं, चांगलं खरबरीत, तेही त्याच जोराने. मग हंड्यातलं कढत पाणी. मला फार बरं वाटलं. डॉक्टरांनी 'जपा' म्हटलं होतं, आणि आमच्या घरात जपणं म्हणजे हेच.

दुपारी पानावर बसले आणि थंडी वाजायला लागली. पंखा बंद केला. तरी दात वाजत होते. अक्कांनी शाल आणली, आणि पांघरताना त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. कोपराच्या खाली लाल चट्टा उठला होता आणि हात तापलेल्या तव्यासारखा लागत होता. त्यांनी शाल तशीच हातात धरली. "मुरली," त्या हळूच म्हणाल्या, "आटो आण."

रस्त्यात फटाके वाजत होते. प्रत्येक आवाजाला हातात कळ जायची. अक्का माझ्या डाव्या बाजूला बसल्या होत्या आणि स्वतःचे दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले होते.

"सेल्युलायटिस," तातडीच्या विभागातला डॉक्टर म्हणाला. म्हणजे कातडीच्या खालच्या थरात जंतूंचा संसर्ग. त्याने एक पेन घेतलं आणि लालीच्या कडेकडेने माझ्या हातावर रेघ ओढली. "लाली या रेघेबाहेर गेली तर लगेच सांगायचं."

ती रेघ मी अजून विसरलेले नाही. डाव्या हातात सलाइन, त्यातून अँटिबायोटिक, आणि उजव्या हातावर एका अनोळखी मुलखाचा नकाशा. अक्का खुर्चीवर बसून त्या रेघेकडे बघत होत्या. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. दिवेलागणीच्या सुमाराला त्या उठल्या, वाकल्या आणि नर्सला हाक मारली. लाली दंडापर्यंत चढली होती.

दुसरी रेघ ओढली गेली. औषध बदललं. रक्तदाब पुन्हापुन्हा बघायला लागले, डाव्या हाताला सलाइन म्हणून पायाला पट्टा बांधून. "अशा हातातून जंतू रक्तात उतरायला वेळ लागत नाही," डॉक्टर मुरलीला दारापाशी सांगत होता. दार उघडं होतं. मला सगळं ऐकू आलं.

सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टर आल्या. त्यांनी हात खिडकीच्या उजेडात धरला. "कातडीवर बारीक ओरखडे आहेत. काय लावलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का उभ्या राहिल्या. "मी लावलं," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "तेल लावून जोरात चोळलं. वर उटणं. वर गरम पाणी."

डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि समजावलं. ते इथे जसंच्या तसं देते, कारण आपल्याकडे घराघरात अक्का असतात. लसिकेच्या नळ्या कातडीच्या अगदी लगत, केसाहूनही नाजूक असतात. जोराने दाबलं की त्या चेपतात. पाणी वर चढल्यासारखं दिसतं, पण ते शेजारी पसरलेलं असतं आणि परत येतं. गरम पाण्याने आणखी पाणी झिरपतं. आणि कातडीला ओरखडा गेला की त्यातून जंतू शिरतात. दुसऱ्या कुणाच्या हातात शिरले असते तर काखेतल्या गाठींनी अडवले असते. माझ्या काखेत अडवायला पुरेशा गाठी उरलेल्या नव्हत्या.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या सकाळी लाली दुसऱ्या रेघेच्या आत सरकली. मग हळूहळू पहिल्या रेघेच्याही आत. मी वाचले, पण हात आधीपेक्षा जाड झाला होता. प्रत्येक संसर्गात उरल्यासुरल्या नळ्याही बिघडतात आणि पुढचा संसर्ग सोपा होतो, असं डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं. मला मूठ वळेना. पोळी लाटता येईना, सही करता येईना. हा हात असाच निकामी होत जाणार, आणि त्यात एक दिवस ते 'नवीन काही' उगवणार, असं मला रोज वाटायचं.

आणि मला अक्कांचा राग आला होता. त्यांना कळत नव्हतं हे मला कळत होतं, तरी राग आला होता. व्हाइटफील्डला त्यांना न्यायचं नाही, असं मी मुरलीला बजावलं होतं. पण त्याचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. घरी रोज मसाज करणारं कुणीतरी शिकायला हवंच होतं. जायच्या दिवशी अक्का चपला घालून दारात उभ्याच होत्या. "मला शिकायचंय," त्या म्हणाल्या. तोपर्यंत कुणाकडे काही शिकायला गेल्याचं त्यांच्याबद्दल मी ऐकलं नव्हतं.

जयनगरहून मेट्रो, मॅजेस्टिकला बदल, मग व्हाइटफील्डपर्यंत जांभळी लाइन. आम्ही सारा वेळ समोरासमोर बसून एकमेकींच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत होतो.

थेरपिस्टचं नाव शेरीन. केरळची मुलगी, कन्नड छान बोलायची. तिने माझ्या हाताला हातच लावला नाही. "आधी श्वास," ती म्हणाली. माझा डावा तळवा पोटावर ठेवायला लावला. नाकाने श्वास घ्यायचा, पोट वर आलं पाहिजे, खांदे नाही. मग ओठांतून सावकाश सोडायचा. लसिकेला हृदयासारखा पंप नाही, तिने सांगितलं. आपण हललो, स्नायू आवळले, खोल श्वास घेतला, की ती पुढे सरकते. छातीतून तिची मोठी नळी जाते, आणि पोटापासून घेतलेला श्वास त्या नळीला वर ओढतो. नुसतं पडून राहिलं की ती साचते.

नंतर तिने बोटं ठेवली ती मानेवर, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीत. अक्का म्हणाल्या, "सूज तर हातात आहे की."

"पुढची जागा रिकामी नसेल तर मागचं पाणी जाणार कुठे?" शेरीन म्हणाली. "आधी मान, मग दुसरी काख, मग छाती, मग खांदा. हात सगळ्यांत शेवटी."

अक्कांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे सिल्क बोर्डचा सिग्नल. मागून हॉर्न मारून काय उपयोग, पुढचं सुटायला पाहिजे."

शेरीन हसली. तेवढ्या दिवसांत मीही पहिल्यांदाच हसले असेन.

दाबाचं मात्र अक्कांना जमेना. शेरीन त्यांच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून दाखवायची, आणि दरवेळी म्हणायची, "जास्त झालं." हलकं केलं की पुन्हा, "अजूनही जास्त." शेवटी ती म्हणाली, "दूध तापवून थंड झालं की वर साय येते ना? बोट ठेवल्यावर ती हलली पाहिजे. फाटली तर दाब जास्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आले तर अक्का ओट्याशी उभ्या. समोर दुधाचं पातेलं, आणि त्या धुतलेल्या बोटांनी साय हलवत होत्या. ती फाटली. त्यांनी दुसरं पातेलं ओढलं. कित्येक दिवस आमच्या घरात कुणाला अखंड साय बघायला मिळाली नाही, आणि मुरलीच्या कॉफीत फाटक्या सायीच्या चिंध्या तरंगायच्या. त्याने एकदा तक्रार केली. "सुम्मे पी," अक्का म्हणाल्या, आणि तो गुपचूप प्यायला. मी दारातून बघत राहायचे. माझा राग कधी गेला ते नेमकं सांगता येणार नाही, पण त्या पातेल्यांपाशीच गेला.

त्यांनी नखं बोटांच्या आत जाईपर्यंत कापली. आईची म्हणून कधी न काढलेली अंगठी काढून देवघरात ठेवली. मग एका सकाळी माझ्या मानेवर त्यांची बोटं टेकली आणि ती टेकलीत हे मला जेमतेम कळलं. इतकी वर्षं कणीक तिंबल्यासारखी माणसं तिंबणाऱ्या बाईचा तो हात होता. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "खांदे नको उचलू, पोटानं रड."

त्या काळातला माझा दिवस पट्ट्यांमध्ये जायचा. बोटांपासून काखेपर्यंत थरावर थर बांधायचे, आणि बांधलेल्या हाताने व्यायाम करायचा: मूठ वळायची, सोडायची, कोपर वाकवायचं, हात डोक्यावर न्यायचा. पट्टी बाहेरून धरते, स्नायू आतून दाबतो, आणि मध्ये सापडलेली लसिका वर सरकते. संध्याकाळी पार्कात चालायचे. बाकावरच्या बायका विचारायच्या, ॲक्सिडेंट का? एकीने जळवा सुचवल्या, एकीने नवस. मी 'सरी, सरी' म्हणत पुढे चालत राहायचे. तुम्हालाही असे सल्ले मिळतील. ऐका आणि चालत राहा, थांबून ऐकलं तर हात लोंबकळतो.

सूज उतरली. पूर्ण नाही, पण उतरली. पट्ट्यांच्या जागी हातभर घालायची तंग, दाब देणारी बाही आली. मी पोळी लाटली, ती कर्नाटकाच्या नकाशासारखी झाली आणि मुरलीने ती मोडून न खाता आधी सगळ्यांना दाखवली.

मग संक्रांत उलटून गेल्यावर, एका नेहमीच्या सकाळी, अक्कांची बोटं मानेवर फिरता फिरता थांबली.

पुढे गेली. पुन्हा मागे आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"स्वल्प थांब." त्यांनी डाव्या बाजूच्या खळगीत बोटं ठेवली. मग पुन्हा उजव्या बाजूच्या खळगीत. डोळे मिटलेले. "इकडे आहे ग काहीतरी. तिकडे नाही."

मी माझं बोट नेलं. मला काहीच लागेना. त्यांनी माझं बोट धरलं, जागेवर ठेवलं आणि माझा दाब कमी करत करत नेला. तेव्हा लागलं. मसुराच्या दाण्याएवढं, कातडीखाली.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करायला कुणी उठलं नाही.

डॉक्टरांनी ती जागा फार वेळ चाचपली. "हे कुणाला सापडलं?" त्यांनी विचारलं. मी अक्कांकडे बघितलं. अक्का जमिनीकडे बघत होत्या. सोनोग्राफी करताना डॉक्टर म्हणाल्या, "गाठ गोल दिसतेय. लांबट असती तर मला बरं वाटलं असतं." गाठ कशामुळे येते? संसर्गामुळे येऊ शकते, त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या कारणानेही. दुसऱ्या कारणाचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.

एफएनएसी सांगितली. म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सुई बारीकच असते. दुखलं फारसं नाही. रिपोर्ट येईपर्यंत मसाज बंद, मानेला हात लावायचा नाही.

हात पुन्हा भरायला लागला. रोज बाही चढवताना कळायचं. हे पाणी आता कुठे जाणार, पुढचा सिग्नल कोण अडवून बसलंय, असलं डोक्यात फिरत राहायचं. श्वास तेवढा मी करत होते, कारण तो कुणी बंद केला नव्हता. पण पोटापर्यंत जातच नव्हता.

अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्यासारख्या, शेंगांचे दिवस होते. अक्का बाजारातून शेंगांचा ढीग घेऊन आल्या, दाणे भिजवले आणि एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढत बसल्या. दिवसभर. चार घरांना पुरेल एवढी डाळ झाली तरी थांबेनात. मी शेजारी जाऊन बसले.

"वसू," त्यांनी मान वर न करता विचारलं, "माझ्या हातानं पसरलं असेल का ग?"

मला 'छे, काहीतरीच काय' म्हणायला हवं होतं. पण तीच भीती मलाही होती. मी एक दाणा उचलला आणि सोलायला लागले. उजव्या हाताने जमेना, डाव्याने सोलला.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बाहेरच्या खोलीत मुरली माझा बाही चढवलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. आमच्या आधीचं जोडपं आत गेलं आणि बाहेर आलं, तेव्हा ती बाई पर्स खुर्चीवरच विसरली. नर्स ती घेऊन मागे धावली. मग आमचं नाव पुकारलं.

"रिॲक्टिव्ह," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे गाठ आपलं काम करत होती. हातातल्या संसर्गाशी लढताना सुजलेली, अजून बसलेली नाही. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत.

मुरलीने डोळे पुसले. अक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी त्यांचा प्रश्न विचारला, कन्नडमध्ये, सरळ. डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. "मसाज करून कॅन्सर पसरत नाही. आणि एवढी लहान गाठ मलासुद्धा पहिल्या खेपेला सापडली नसती. तुमचा हात चालू ठेवा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तीन महिन्यांनी पुन्हा बघू. सुई दोन-चार पेशींपुरतंच सांगते. आत्ता तरी काळजी नाही."

या वेळी 'आत्ता तरी' मुरलीनेही ऐकलं. जाताना मिठाईच्या दुकानासमोर गाडी हळू झाली, पण थांबली नाही.

हे सगळं लिहिलं ते तुमच्यापैकी कुणाला तरी उद्या हा शब्द ऐकायला मिळेल म्हणून. हाताला जोर लावू देऊ नका, कितीही मायेचा असला तरी. कढत पाणी नको, ओरखडा नको, लाली दिसली की सण सोडून दवाखाना गाठा. चाला, हात हलवा, पोटाने श्वास घ्या. बरं वाटेल. आजार जाणार नाही, पण त्याच्याबरोबर राहता येतं. मी राहते आहे. शेरीनचे, डॉक्टरांचे उपकार आहेत. अक्कांचे किती ते सांगता येत नाही, आणि सांगायला गेलं तर त्या उठून जातात.

रोज सकाळी कॉफीच्या आधी मी पलंगावर टेकून बसते. अक्का हात धुऊन, पुसून, एकमेकांवर चोळून ऊबदार करून येतात. आधी श्वास, मग मान. त्यांची बोटं उजव्या खळगीत उतरतात आणि त्या जागेवर थांबतात. तो दाणा अजून आहे. कधी त्यांना बारीक वाटतो, कधी तेवढाच. त्या डोळे मिटतात. बाहेर भाजीवाल्याची गाडी थांबलेली असते, मुरली वर्तमानपत्राचं पान उलटायचा थांबतो, आणि शेरीनने कितीही बजावलेलं असलं तरी तेवढ्यापुरता माझा श्वास छातीतच अडकून राहतो.

"सरी," अक्का म्हणतात. "सोड आता."

मी श्वास सोडते.